सासऱ्यांची जास्वंद आणि माझी बुरशी

इस्पितळात कमरेचं हाड सांधून पडलेला माणूस भेटायला आलेल्यांशी दुखण्याबद्दल बोलतो, जेवणाबद्दल बोलतो, फार तर शेजारच्या खाटेवरच्या घोरण्याबद्दल बोलतो. माझे सासरे कळीबद्दल बोलले. भूल उतरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य "कळी कशी आहे?" हे होतं. ती त्यांची नात असावी अशा समजुतीने नर्सने "बाहेर बसलीय, रडत नाहीये," असं सांगून त्यांचं समाधान केलं.

कळी जास्वंदीची होती. आमच्या इमारतीच्या गच्चीवर सासऱ्यांनी जुन्या खिडक्यांच्या चौकटी जोडून एक काचघर उभं केलंय. त्यात ते एका जास्वंदीचे पराग दुसरीला लावतात, बी धरतात, रोप करतात आणि मग त्याला कुठल्या रंगाचं फूल येतं याची वाट बघत बसतात. रंग आधी कुणालाच सांगता येत नाही, त्यांनाही नाही. या खेपेला एका रोपाला पहिलीवहिली कळी आली होती आणि ती जांभळी, कडेला पिवळी निघावी असा त्यांचा मनसुबा होता. त्याच धांदलीत ती नीट दिसावी म्हणून ते स्टुलावर चढले आणि स्टुलाने आपलं मत दिलं.

त्यात जास्वंदीचं फूल एक दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, संपला कारभार. आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हाड जुळेल हो, पण त्यांना उठावंसं वाटलं पाहिजे. या वयात माणूस एकदा खाटेला टेकला की टेकतो. घरी येताना रिक्षात हे बायकोला सांगितलं, तेव्हा तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा वळ उठला. सासऱ्यांना उठावंसं वाटायला जगात सध्या एकच गोष्ट होती, आणि ती गच्चीवर एका कुंडीत लटकत होती.

तिची जबाबदारी माझ्यावर आली. सासऱ्यांना दुसरा पर्याय असता तर त्यांनी तो नक्की घेतला असता. मी विमा कंपनीत दावे तपासतो. म्हणजे लोक "नुकसान झालं" म्हणतात आणि मी "कशावरून?" म्हणतो. या कामाला झाडं जगवणारा हात लागत नाही. सासऱ्यांनी खाटेवरून सूचना दिल्या. रोज पाणी घालायचं. कळीच्या रोपाला अजिबात हात लावायचा नाही. आणि स्वतःचं डोकं वापरायचं नाही. तिसरी सूचना नर्ससमोर द्यायला नको होती.

सुरुवात छान झाली. मी पाणी घालत होतो, कुंड्यांत पडलेल्या बारक्या कळ्या वेचून टाकत होतो, काचघर आरशासारखं ठेवत होतो. मग एका सकाळी पानाच्या मागे पीठ सांडल्यासारखं काहीतरी दिसलं. चुना असेल म्हणून मी फुंकर मारली. चुना उठून चालायला लागला.

मी बायकोला वर बोलावलं. ती या बापाच्या पोटी जन्मलेली, तिला एका नजरेत कळलं. "अहो, हे पिठ्या ढेकूण आहेत," ती म्हणाली, "आणि या खाली पडलेल्या कळ्या कधीपासून पडतायत?" मी आठवडाभर टापटिपीने उचलत होतो त्या कळ्या म्हणजे ढेकणांनी रस शोषून गाळलेल्या कळ्या होत्या. पिठ्या ढेकूण हे नाव शाळेतल्या मागच्या बाकावरच्या मुलाचं वाटतं, पण काम सावकाराचं. अंगावर पांढरी कापसासारखी लोकर घेऊन देठाला चिकटायचं आणि झाड सुकेपर्यंत प्यायचं. कळीच्या रोपावरही दोनचार दिसत होते. बाबांना यातलं काही कळता कामा नये, असं बायकोने तिथल्या तिथे ठरवलं. त्या संध्याकाळी इस्पितळात मी "सगळं उत्तम" म्हणालो आणि मी दावेदाराकडे जसं पाहतो, नेमकं तसंच सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इमारतीत बातमी पसरायला लिफ्ट लागत नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर सल्ल्यांचा पूर आला. साबणाचं पाणी शिंपडा. तंबाखूचं पाणी शिंपडा. राख टाका. राख टाकली असेल तर ती आधी काढा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी झाडांशी प्रेमाने बोलायला सांगितलं, झाडं ऐकतात म्हणे. ढेकूण ऐकत असते तर मी त्यांच्याशीही बोललो असतो. एका गृहस्थांनी सरळ जालीम औषधाचं नाव दिलं, एका फवाऱ्यात खेळ खलास. पण आमच्या इमारतीचे सेक्रेटरी मध्ये पडले. ते धंद्याने दंतवैद्य आहेत आणि समोरच्याचं तोंड उघडं असेपर्यंतच आपण बोलायचं या सवयीमुळे थोडक्यात बोलतात. काचघराला लागून पाण्याच्या टाक्या आहेत, तिथे विष चालणार नाही, फवारलंत तर काचघर हलवावं लागेल, असं त्यांनी बजावलं. मुद्दा बिनतोड होता, म्हणून जास्त राग आला.

मी बियाणांच्या दुकानात गेलो. तिथला दुकानदार बोलका माणूस. समोर गिऱ्हाईक नसलं तर तो पोत्यांशी बोलतो असा त्याचा लौकिक आहे. माझी कथा ऐकून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, बुरशी सोडा."

आमच्या घरात चार पिढ्या बुरशीविरुद्ध लढण्यात गेल्या आहेत. पुस्तकांना ऊन दाखवा, चामडी पट्टे पुसा, बरण्यांची तोंडं कोरडी करा. आणि हा मला पदरमोड करून बुरशी आणायला सांगत होता. पण त्याने खुलासा केला तो बरा वाटला. ही बुरशी फक्त किड्यांच्या वाटेला जाते. तिचे बारीक कण पाण्यात मिसळून फवारायचे, ते ढेकणाच्या अंगावर रुजतात, आत शिरतात आणि आतून त्याला पोखरून संपवतात. माणसाला, झाडाला, टाकीतल्या पाण्याला धक्का नाही. मोठमोठ्या हरितगृहांत हेच करतात. मात्र ती जिवंत असते, तिला ऊन सोसत नाही, गारव्यात ठेवावी लागते आणि त्याच्याकडे साठा नव्हता. दूरच्या एका प्रयोगशाळेतून पार्सलने मागवावी लागणार होती. बाकी काय सांगायचं राहिलं हे त्याला तेव्हा आठवलं नाही, कारण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

पार्सल आलं, पण घरी नाही. पार्सल कार्यालयात अडकलं. पाकिटावर "जिवंत माल" असं छापलेलं होतं आणि जिवंत माल सोडायचा तर वर्ग लिहावा लागतो. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, वनस्पती की प्राणी? मी म्हणालो, बुरशी. त्या म्हणाल्या, ते कळलं, पण वनस्पती की प्राणी? मी शाळेतलं आठवून सांगितलं की बुरशी दोन्हींत मोडत नाही. मग निर्जीव लिहू का, असं त्यांनी समजुतीने विचारलं. निर्जीव लिहिलं असतं तर आत जिवंत माल असल्याबद्दल माझ्यावरच बालंट आलं असतं. त्यांनी मला वरिष्ठांकडे पाठवलं. वरिष्ठ जेवायला गेले होते. जेवून आल्यावर त्यांनी पाकीट हलवून पाहिलं, कानाला लावलं आणि माल अजून जिवंत आहे हे कशावरून, असं विचारलं.

"कशावरून" हा शब्द मी आयुष्यभर खिडकीच्या आतून वापरला होता. बाहेरून तो कसा लागतो याची मला कल्पना नव्हती. निवृत्त माणसांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो हे ठाऊक होतं, पण बुरशीचा हयातीचा दाखला कोण देतो? आणि हे चाललं होतं तोवर पाकीट त्यांच्या टेबलावर, खिडकीतल्या उन्हात पडलं होतं. मी आधी विनवलं, मग कायदा सांगितला, शेवटी रुमालाने घाम पुसत मध्येच उभा राहून पाकिटावर सावली धरली. वरिष्ठांना बहुधा माझी दया आली. त्यांनी वर्गाच्या रकान्यात "इतर" असं लिहिलं. तो रकाना कागदावर पहिल्यापासून होता.

बुरशी फ्रीजमध्ये गेली, लोण्याच्या शेजारी. बायकोने लोणी दुसऱ्या कप्प्यात हलवलं. ऊन उतरल्यावर मी पंप पाठीवर बांधून गच्चीवर गेलो आणि पानापानाला, वरून, खालून, देठाच्या बेचक्यात असं निगुतीने फवारलं. कळीच्या रोपाला तर हात न लावता, लांबूनच, अत्तर शिंपडावं तसं. दुकानदाराने सांगितलं होतं की हिला हवा दमट लागते, कोरड्यात ती रुजतच नाही. मग मी पोती भिजवून टांगली, जमिनीवर बादल्या ओतल्या, खिडक्या लावून घेतल्या. आत उभं राहिलं की चष्म्यावर वाफ धरायची. विमा कंपनीच्या माणसाने एखादं काम अंगावर घेतलं की तो ते नियमाबरहुकूम करतो, हे मला इथे नमूद करायचं आहे.

त्या जमिनीच्या खाली ओलकाका राहतात. हे नाव इमारतीने ठेवलेलं आहे. ते निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत आणि त्यांच्या न्हाणीघराच्या छताला एक ओलीचा डाग आहे. नोकरीत नकाशे काढले, आता या डागाचा काढतात. डाग जिथवर आला तिथे रोज पेन्सिलीने रेघ, रेघेवर तारीख. मी पोती भिजवायला लागल्यावर चौथ्या दिवशी ते त्या छताचं ट्रेसिंग घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "वर तुम्ही बुरशी पिकवताय," ते म्हणाले, "आणि खाली माझ्या छताला ती आलीय. आता बोला." त्यांच्या छताची काळी बुरशी निराळी आणि माझी पांढरी निराळी, हे मी पटवून द्यायला गेलो. पण बुरशीची बाजू घेऊन बोलणाऱ्या माणसाला समाजात फारसा मान नसतो.

तिथून पुढे इमारतीतली प्रत्येक बुरशी माझ्या नावावर जमा व्हायला लागली. कुणाच्या पावाला बुरशी आली, मी. कपाटातल्या चपला पांढऱ्या पडल्या, मी. तळमजल्यावरच्या गृहस्थांचा खोकला माझ्या लग्नाच्याही आधीचा आहे, पण त्यांनी तोही माझ्यासमोर दोनदा खोकून दाखवला. गच्चीवरच्या दोरीवरून लोकांनी कपडे काढून नेले. शेवटी दंतवैद्यांच्या दवाखान्यातल्या बाकांवर सभा भरली. भिंतीवर दाढेचं मोठं चित्र होतं आणि मी नेमका त्याच्याखाली बसलो होतो. ठराव असा झाला की सासरे घरी येईपर्यंत मला मुदत. तोवर ढेकूण गेले तर ठीक, नाही तर काचघर रिकामं करून कुंड्या खाली आणायच्या. पाणी किती मारायचं यावर ओलकाकांची देखरेख. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली की बाबा चालत काचघरात गेले पाहिजेत एवढंच तिला माहीत आहे, ठराव वगैरे तुम्ही बघा.

आता मुदतीतला तो दिवस, जो मला आठवला की अजून कानशिलं गरम होतात. सकाळी वर गेलो तर काचघरात जिकडेतिकडे पांढरंच पांढरं. पूर्वी ढेकूण जिथे तुरळक होते तिथे आता कापसाचे पुंजके. देठांवर, पानांच्या मागे, कुंडीच्या कडांवर. दोन दिवसांत दुप्पट. मी ओरडलो नाही, पण जे काही केलं ते ऐकून ओलकाका, दंतवैद्य आणि बायको तिघंही धावत वर आले. ते दृश्य पाहून दंतवैद्यांनासुद्धा वाईट वाटलं. विरोधक झाले तरी माणसं चांगली आहेत. ते खाली जाऊन कापूस, चिमटे आणि स्पिरिट घेऊन आले, ओलकाकांनी बाह्या सरसावल्या आणि आम्ही चौघांनी दुपारपर्यंत एकेक पान पुसून काढलं. पांढरा ठिपका दिसला की स्पिरिट, की चिमटा, की पुसलं. ओलकाकांची नजर डागाला सरावलेली, त्यांच्या हातून एक पुंजका सुटला नाही. फक्त कळीच्या रोपाशी आल्यावर बायको आडवी उभी राहिली. त्याला हात लावायचा नाही, बाबांनी सांगितलंय, ती म्हणाली, मग जे व्हायचं ते होऊ दे. ते एक रोप तसंच पांढरं राहिलं. बाकीचं काचघर दवाखान्यासारखं चकचकीत झालं आणि तसाच वास यायला लागला.

मी जिंकलेल्या माणसाच्या आवाजात दुकानदाराला फोन लावला आणि तुमची बुरशी फुकट गेली असं सुनावलं. त्याने विचारलं, "पांढरं दिसायला लागलं का?" मी म्हणालो, दिसायला लागलं म्हणजे काय, नुसता कापूस झाला होता, पण आम्ही स्पिरिटने सगळं पुसून काढलं.

पलीकडे शांतता पसरली. तो माणूस गप्प बसल्याचं इमारतीतल्याच काय, गावातल्या कुणी ऐकलं नसेल.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "ती बुरशीच होती. ढेकूण मेला की ती त्याच्या अंगावर अशी पांढरी फुलते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

म्हणजे ढेकूणही पांढरा आणि त्याला मारणारीही पांढरी. माझी फौज लढून, जिंकून, शत्रूच्या छातीवर झेंडा रोवून उभी होती आणि मी चार माणसं लावून ती स्पिरिटने पुसून टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं, पण संन्याशाला पार्सलने मागवून, सावली धरून, फ्रीजमध्ये ठेवून मग फाशी देणारा मीच पहिला. मी फोन ठेवला आणि तिथेच पायरीवर बसलो. विम्याच्या धंद्यात सगळ्यात सोपं काम म्हणजे नुकसान कुणामुळे झालं हे ठरवणं, आणि ते एका क्षणात ठरलं.

बायको शेजारी येऊन बसली. ती म्हणाली, "अहो, पण कळीच्या रोपावर आपण काही पुसलं नाही." तिने ते फक्त धीर द्यायला म्हटलं असावं, पण मी ताडकन उठलो. त्या रोपावर जे पांढरं होतं ते आता एकतर ढेकूण होते, नाहीतर बुरशी. एकतर कळी आजउद्या गळणार होती, नाहीतर वाचली होती. आणि नुसत्या डोळ्यांनी काही कळत नव्हतं. दुकानदाराला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, सुईने टोचून बघा, जिवंत असेल तर रस येईल, मेलेला असेल तर कोरडा भुगा होईल.

टोचणार कोण? मी सुई बायकोकडे दिली, तिने ती मला परत दिली. मग दंतवैद्यांनी आपला कपाळावरचा दिवा, लांब दांडीचा आरसा आणि दात तपासायची सळई आणली. रोपाला हात न लावता फक्त ढेकणाला टोचायचं, असं बायकोने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. ते गुडघ्यावर बसले, आरसा कळीच्या देठाखाली सरकवला आणि सवयीने "जरा आ करा" म्हणाले. कुणीही हसलं नाही. सळईचं टोक पांढऱ्या पुंजक्याला लागलं.

भुगा झाला. दुसऱ्याचा भुगा, तिसऱ्याचा भुगा. कळीच्या अगदी मानेशी बसलेला एक गलेलठ्ठ होता, त्याचाही भुगा. दंतवैद्य उठून उभे राहिले, दिवा विझवला आणि रुग्णाच्या नातेवाइकांना सांगतात तसं म्हणाले, "काही नाही राहिलेलं. सगळे गेले." मला इतकं हलकं वाटलं की मी मागे न बघता खाली बसलो, ते थेट ओल्या पोत्यावर. बायको रडत होती आणि हसत होती आणि डोळे ज्या फडक्याने पुसत होती त्याला स्पिरिट होतं, म्हणून आणखी रडत होती. ओलकाकांनी घसा खाकरून विचारलं की हिला दमट हवा लागते ना, मग अजून एखादी बादली मारायची का.

उरलेली बुरशी त्याच संध्याकाळी सगळ्या झाडांवर पुन्हा फवारली, आणि पांढरं दिसलं तरी कुणी हात लावायचा नाही अशी चिठ्ठी दंतवैद्यांनी सेक्रेटरीच्या शिक्क्यानिशी दाराला चिकटवली. ओलकाकांच्या डागाचाही निकाल लागला. त्यांच्याच तारखांवरून प्लंबरने दाखवलं की आम्ही पाणी मारलं नाही त्या दिवशीही रेघ पुढे सरकली होती. त्यांच्या न्हाणीघरातल्या नळाचा सांधा गळत होता. ते दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हते, मग तिसऱ्या दिवशी काचघराचा मापात काढलेला नकाशा मला आणून दिला.

सासऱ्यांना घरी सोडायचं त्या दिवशी सकाळी मी इस्पितळात होतो आणि बायकोचा फोन आला की कळी उमलतेय. आजच. म्हणजे हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ. सासरे कपडे घालून, काठी धरून तयार बसले. आणि इस्पितळाने विम्याची मंजुरी आल्याशिवाय सोडता येणार नाही असं सांगितलं. विमा माझ्याच कंपनीचा. फाईल माझ्याच खात्यात, माझ्या शेजारच्या टेबलावर. मी सहकाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला की एक कागद कमी आहे, रुग्ण पडला हे कशावरून? मी म्हणालो, अरे, मी सांगतोय, मी उचललं त्यांना. तो म्हणाला, तू नातेवाईक आहेस, तुझं कसं धरणार? माणूस तयार केला होता मीच, त्यामुळे त्याच्यावर चिडण्यातही अर्थ नव्हता. पेरावं तसं उगवतं, आणि ते सगळीकडेच उगवतं. शेवटी वॉर्डच्या डॉक्टरांनी एका ओळीचा कागद लिहून दिला आणि आम्ही टॅक्सीत बसलो तेव्हा दुपार टळायला आली होती. वाटेत सासरे प्रत्येक सिग्नलला आकाशाकडे बघत होते.

खाली दंतवैद्य, ओलकाका आणि पहारेकरी खुर्ची घेऊन तयार होते. लिफ्ट वरच्या मजल्यापर्यंत जाते, पुढे गच्चीचा जिना. कुणी पुढचे पाय धरायचे, कुणी मागचे, वळणावर खुर्ची तिरपी कशी करायची, याची ओलकाकांनी आकृती काढली होती. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की एवढ्यापेक्षा कुंडी खाली आणायला काय झालं? आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या रोपाला हात लावायचा नाही हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते कुणाला सुचलंच नाही.

कुंडी मी आणली. आयुष्यात मी इतक्या सावकाश जिना उतरलेलो नाही. सासऱ्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवली आणि बाजूला झालो.

फूल लाल होतं. जांभळं नव्हे, पिवळ्या कडेचं नव्हे. कुठल्याही कुंपणावर दिसतं तसं, साधं, पाच पाकळ्यांचं लाल. मघाशी आणताना मला ते दिसलं होतं, पण आपल्याला यातलं काय कळतं अशी मी स्वतःची समजूत घातली होती. दंतवैद्य म्हणाले, रंग निरोगी आहे. ओलकाका म्हणाले, आकार अगदी प्रमाणात आहे. बायको "बाबा" एवढंच म्हणाली आणि थांबली. मला आतून फार वाईट वाटलं. एवढं करून त्या माणसाच्या हातात आम्ही कुंपणावरचं फूल दिलं होतं.

सासरे वाकून बघत राहिले. पान उलटं करून बघितलं, देठ बघितला. तिथले पांढरे पुंजके बघितले. "ढेकूण पडले होते?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. "बुरशी लावलीत?" मी पुन्हा हो म्हणालो आणि बोलणी खायला तयार झालो. पण ते मागे टेकले आणि त्यांनी इतका लांब श्वास सोडला की बायको घाबरून पुढे झाली.

"सुटलो," ते म्हणाले. "चार रात्री झोप नव्हती मला. म्हटलं, हवं होतं तसंच उमललं तर उद्यापासून उठून करायचं काय?" आणि मग एकदम घाई करून माझ्याकडे वळले. "वर पिवळीला फूल आहे का आज? आहे? मग बघत काय उभे आहात, घेऊन या. हे मिटायला आलंय."

मी धावत वर गेलो आणि पिवळं फूल घेऊन आलो. तोपर्यंत ते उठून खाटेच्या कडेला, पाय खाली सोडून बसले होते. कुणी आधार दिलेला नव्हता. फूल हातात घेतलं, पराग तपासले. त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं आणि परागाची दांडी लाल फुलाच्या टोकाच्या पाच ठिपक्यांना हलकेच लावायला सांगितली. मी लावली. पिवळी पूड लाल ठिपक्यांना चिकटली. बायकोने कार्डाचा तुकडा आणि दोरा आणला. आई लाल, बाप पिवळी, असं त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. खाली करणाऱ्याचं नाव लिहायची त्यांची पद्धत आहे. मी त्यांचं नाव लिहायला घेतलं तर त्यांनी माझा हात धरला.

"तुमचं लिहा," ते म्हणाले. "हात तुमचा होता. पुन्हा लाल आलं तर कुणामुळे आलं, ते आधीच ठरलेलं बरं."

मी आजवर दुसऱ्यांच्या माथी पुष्कळ नुकसानं मारली आहेत, पण एवढ्या आनंदाने स्वतःवर एकही घेतलेलं नव्हतं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली आणि कार्ड देठाला बांधलं.